अकरावा रकाना

पहाटे साडेपाच

जुलै महिना आहे. रात्रभर लागलेला पाऊस अजून उघडलेला नाही. कादंबरी लिहून झाली, आता तिच्या कॉपीराइटच्या नोंदणीचा अर्ज आज भरायचा. दुपारी पोलादपूरला जाऊन एक सही आणायची आणि संध्याकाळी अर्ज. त्याआधी शेवटचं वाचन. चहा घेऊन मी प्रिंटआउट उघडते आणि लाल पेन हातात धरते.

माझं टेबल आता वरच्या मजल्यावर आहे. २०२१ सालापर्यंत ते खाली होतं. त्या वर्षी २१ जुलैच्या रात्रीपासून सावित्री आणि गांधारी चढत गेल्या आणि २२ तारखेला महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती. आमच्या तळमजल्यातलं काही उरलं नाही. याच कादंबरीच्या पहिल्या खर्ड्याच्या वह्या खालच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर चिखल उपसताना त्यातली एक सापडली. पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली, उघडू गेलं तर फाटत होती, आणि जिथे उघडली तिथे शाईचा नुसता निळा डाग. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूरच्या सुतारवाडी-केवनाळ्यातही माणसं गाडली गेली. अशा वेळी वह्या गेल्या म्हणून कोणापाशी रडायचं? मी गप्प राहिले आणि पुढे सवडीने कादंबरी पुन्हा पहिल्यापासून लिहिली. मात्र तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. पुराच्या गावात राहणाऱ्या माणसाने आपल्या लेखनाची एक प्रत या नदीच्या हद्दीबाहेर, कुठल्यातरी पक्क्या दप्तरात ठेवली पाहिजे.

सकाळी सात

शेजारच्या वहिनी दूध घेऊन येतात. टेबलावरचा कागदांचा गठ्ठा बघून विचारतात, "म्हणजे अजून तुमची झालीच नाही का ही कादंबरी? सरकारनं शिक्का मारल्यावर होणार?"

बहुतेकांचा हाच समज असतो. माझी कादंबरी माझी झाली ती लिहिली त्याच क्षणी. १९५७ चा कॉपीराइट कायदा मूळ लेखनाला लिहिताक्षणी संरक्षण देतो, नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. याबद्दल न्यायालयांतही एकवाक्यता नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१२ च्या एका निकालाने नोंदणीशिवाय दावाच लावता येणार नाही, असं म्हटलं होतं. २०२१ मध्ये त्याच न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी संजय सोया प्रकरणात तो मुद्दा नीट उलगडून सांगितला की नोंदणी ऐच्छिक आहे.

"मग कशाला ही खटपट?" वहिनींचा प्रश्न रास्त आहे.

पुराव्यासाठी. कायद्याच्या ४८व्या कलमानुसार कॉपीराइटच्या नोंदवहीतला उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. म्हणजे ती नोंद खोटी आहे हे दाखवण्याचं ओझं समोरच्यावर जातं. याची किंमत मला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी माझी एक हस्तलिखित कथा वाचायला म्हणून काही मंडळींकडे गेली आणि पुढे एका एकांकिका स्पर्धेत ती रंगमंचावर दिसली. नाव बदललेलं, पात्रांची नावं मात्र तीच. अगदी सासूचं मधाचं पोळं काढण्याचं प्रसंगवर्णनही तेच. मी जाऊन भेटले. "तुमचीच कशावरून?" एवढंच त्यांनी विचारलं. माझ्याकडे तारखेचा कागद नव्हता. तो प्रश्न मी विसरलेले नाही आणि कोणा नव्या लिहिणाऱ्याला तो ऐकावा लागू नये, असं मला फार वाटतं.

स्वतःच्याच पत्त्यावर हस्तलिखित पोस्टाने पाठवायचं आणि पाकीट न फोडता जपून ठेवायचं, असाही एक उपाय आपल्याकडे सांगितला जातो. ते पाकीट आधी उघडंच पाठवून नंतर बंद केलं नाही, हे कोण सिद्ध करणार? आणि महाडमध्ये ते ठेवणार कुठे, हा वेगळा प्रश्न.

सकाळी नऊ

पाऊस थोडा कमी झाल्यावर डीटीपीच्या दुकानाकडे निघते. वाट चवदार तळ्यावरून जाते. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं. दर २० मार्चला या तळ्याभोवती माणसांची रीघ लागते आणि पुस्तकांच्या गाड्या लागतात. बाबासाहेब १९५६ च्या डिसेंबरात गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षं हक्क चालतो, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुलं झालं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे 'श्यामची आई' २०११ पासून कोणालाही छापता येते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती, १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ झाली. म्हणजे मी आज जी नोंद करणार आहे तिचा उपयोग माझ्या नातवंडांनाही होऊ शकतो. त्यांनी ते पुस्तक सांभाळलं तर.

दुकानातला मुलगा माझा विद्यार्थी. दहावीला शुद्धलेखनात कच्चा होता, आता अर्ध्या तालुक्याच्या पत्रिका आणि अहवाल त्याच्या हातून जातात. माझी कादंबरी त्याने श्रीलिपीत टाइप केली होती, तिचं युनिकोड करायचं आहे. रूपांतराचं हे काम दिसायला सोपं, पण त्यात 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यातला अर्धा र हमखास बिघडतो. 'सुऱ्या'चा 'सुर्या' झाला तर वाचणारा सूर्याकडे बघतो. आम्ही दोघं मिळून एकेक शब्द शोधून दुरुस्त करतो. कोकणातल्या कादंबरीत वारा, दऱ्या आणि कोपरे भरपूर, त्यामुळे तास सहज जातो.

"बाई, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवतो. म्हणजे दिल्लीत कुठल्याही मशिनवर उघडली तरी अक्षरं हलणार नाहीत," तो म्हणतो. मग जरा थांबून विचारतो, "बाई, सगळी टाइप मी केली. मग माझं नाव येतं का कुठं त्या नोंदीत?"

त्याच्या मनात खरंच शंका होती, म्हणून मी त्याला आपल्याच तालुक्यातलं उदाहरण दिलं. शिवथरघळीत समर्थ सांगत गेले आणि कल्याणस्वामी लिहीत गेले, अशी दासबोधाची परंपरा आहे. कल्याणस्वामींच्या हातची डोमगावची प्रत आजही प्रसिद्ध आहे. अक्षर त्यांचं, श्रम त्यांचे, ग्रंथ समर्थांचा. कायदाही तसंच बघतो. ज्याची रचना तो लेखक, उतरवून घेणारा लेखनिक. "नोंदीत नाही, पण ऋणनिर्देशात तुझं नाव पहिलं," मी म्हटलं. त्याला ते पटलं. मला मात्र त्याच्या प्रश्नाने दुपारच्या कामाची आठवण झाली, कारण तिथे उत्तर इतकं सोपं नाही.

साडेअकरा

महाडच्या कोर्टात प्रॅक्टिस करणारे एक वकील आमच्या जुन्या घरोब्यातले. अर्जासाठी वकील लागत नाही. स्वतःच्या सहीने लेखकाला अर्ज करता येतो, दुसऱ्यामार्फत केला तरच वकीलपत्र किंवा मुखत्यारपत्र जोडावं लागतं. मी गेले ती एका प्रकाशकाने पाठवलेल्या कराराचा मसुदा दाखवायला.

मसुद्यातलं चौथं कलम वकीलसाहेबांनी मोठ्याने वाचलं. लेखिका आपले सर्व हक्क, सर्व भाषांसाठी, सर्व माध्यमांसाठी, जगभरासाठी, कायमस्वरूपी प्रकाशकाच्या स्वाधीन करीत आहे. त्या बदल्यात काय, तर छापील प्रती आणि 'प्रथेनुसार मानधन'. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, एवढं तर सातबारा विकतानाही कोणी लिहून देत नाही."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते प्रत्येक लिहिणाऱ्याने उतरवून घेण्यासारखं आहे. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखी आणि सहीनिशी, तोंडी व्यवहाराला किंमत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन एक वर्षात ते वापरले नाहीत आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर ते हस्तांतरण रद्द समजलं जातं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आणखी एक आधार आला. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख केल्याशिवाय जात नाहीत. कॅसेटच्या काळात सह्या केलेल्या कितीतरी जुन्या लेखकांना मोबाइलवरच्या श्राव्य पुस्तकांची कल्पना नव्हती. ही तरतूद पुढच्या पिढीच्या लेखकांसाठी आहे.

सगळे हक्क विकले तरी एक हक्क लेखकापाशी उरतोच. कृती माझी आहे असं म्हणण्याचा, आणि तिचा माझी बदनामी होईल असा विपर्यास झाला तर अडवण्याचा. कलम ५७. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी' कादंबरीवरून केलेल्या चित्रपटाविरुद्ध याच कलमाखाली दाद मागितली, आणि १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा हक्क पैशाच्या व्यवहाराहून वेगळा आणि मोठा आहे हे मान्य केलं. बाईंनी हे केलं नसतं तर आज आपल्याला त्याचा आधार मिळाला नसता.

मी एक भीतीही बोलून दाखवली. पूल, पूर, मुंबईला गेलेला चाकरमानी, मागे राहिलेली बायको, या माझ्या विषयावर दुसऱ्या कोणी आधीच कादंबरी काढली तर? ते म्हणाले, काढू द्या. कल्पनेवर मालकी नसते, मांडणीवर असते. 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून 'न्यू दिल्ली' चित्रपट उचलला, असा दावा आर. जी. आनंद यांनी केला होता. तो १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तो याच तत्त्वावर. विषय एक, मांडणी वेगळी. शीर्षकाचंही तसंच. एकट्या नावावर कॉपीराइट मिळत नाही, हे २०१५ मध्ये 'देसी बॉईज' चित्रपटाच्या वादात ठरलं. तो वाद श्याम देवकट्टा यांनी न्यायालयात नेला होता. मला हे सगळं योग्य वाटतं. पुराचं दुःख कोणा एकाच्या नावावर कसं करणार? ते महाडच्या प्रत्येक घरात आहे.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. दावा लावायची वेळ आलीच तर प्रकाशकाच्या गावी खेटे घालायला नकोत. दावा लावणारा जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची सोय कायद्यात आहे. म्हणजे आम्हाला अलिबाग. चौथं कलम लाल पेनाने खोडून त्यांनी मसुदा परत दिला.

दुपारी दीड

पोलादपूरची एसटी. खिडकीच्या काचा पावसाने पांढऱ्या झालेल्या. बसायला जागा मिळाली, पिशवीतली वही छत्रीपासून लांब धरून ठेवली.

पोलादपूर हे तसं लेखकाचं गाव. शिवाजी महाराजांचं चरित्र संस्कृतात सांगणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी इथे आहे. येणारे-जाणारे महाबळेश्वरच्या घाटाकडे किंवा कशेडीकडे वळतात, समाधीपाशी फार थोडे थांबतात. त्यांचं 'शिवभारत' अपूर्ण राहिलं. त्याची पोथी मिळाली ती इथून कितीतरी लांब, तंजावरला, आणि सदाशिव महादेव दिवेकरांनी ती १९२७ साली प्रसिद्ध केली. कवी पोलादपूरच्या मातीत आणि पोथी कावेरीकाठच्या सरस्वती महाल ग्रंथालयात. कोणीतरी नकलून तिकडे नेली म्हणून ग्रंथ वाचला. आणि प्रत्येक अध्यायाच्या शेवटी कवीचं नाव घातलेलं होतं, म्हणून अडीचशे वर्षांनी तो कोणाचा हे विचारावं लागलं नाही. दुसरी प्रत दूरच्या जागी आणि त्यावर कर्त्याचं नाव. मी आज याहून वेगळं काही करत नाही.

स्टँडवरून महाबळेश्वर रस्त्याला लागून रिक्षाने आत्याच्या वाडीवर पोचले. लावणीचे दिवस, घरातली सगळी माणसं शेतावर. आत्या ओटीवर एकटी, तांदूळ निवडत बसलेली. मला बघून म्हणाली, "आलीस गो बाय? भिजलीस. आधी जेव, मग तुजं कागद काढ." नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी. जेवल्याशिवाय तिने वही उघडू दिली नाही.

माझ्या कादंबरीतली म्हातारी जात्यावर ओव्या म्हणते. त्या ओव्या माझ्या नाहीत. आत्याने वर्षानुवर्षं म्हटल्या, मी वहीत उतरवल्या. पुरात त्या वह्याही गेल्या, तेव्हा तिने पुन्हा म्हणून दाखवल्या. अर्जात लिहायचं म्हणून आज आम्ही एकेक ओवी घेऊन बसलो. मी वाचायची, ती डोळे मिटून पुढची ओळ पुरी करायची, आणि मग सांगायची की ही कोणाची.

"ही आयेची. तिला तिच्या सासूनं दिली. ही सगळ्याच म्हणत्यात, ती काय कोणाची नाय. ही... ही जावेनं मुंबैसनं आणली." तिचे हिशेब मनात चोख होते. पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या, कर्ती माहीत नसलेल्या ओव्यांवर कोणाचा कॉपीराइट नाही. मी त्या वापरू शकते, पण आपल्या म्हणून सांगू शकत नाही.

मग पुलाची ओवी आली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल वाहून गेला आणि दोन एसट्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. या ओवीत बहीण सावित्रीला माहेरवाशीण म्हणून हाक मारते आणि तिला विचारते की तूही कोणाची तरी बहीण, मग माझ्या भावाची एसटी कशी पोटात घेतलीस. मी ओळ वाचली तशी आत्याने निवडायचं सूप बाजूला ठेवलं.

"ही माजी," ती म्हणाली. "त्या साली मीच बांधली. दळायला गिरण हाय आता, जात्यावर कोण बसतं? पन त्या रात्री झोप येईना, तवा जातं ओढलं रिकामंच."

रिकामं जातं ओढून बांधलेली ही ओवी माझ्या कादंबरीच्या मध्यावर आहे. सगळं पुस्तक तिच्याभोवती उभं आहे, असं म्हटलं तरी चालेल. ती माझ्या हाताने कागदावर आली, पण रचना आत्याची. सकाळी त्या मुलाला जे सांगितलं, तेच इथे मला लागू. या चार ओळींपुरती मी लेखनिक आहे.

मी तिला परवानगीचा कागद वाचून दाखवला. ही ओवी तिची, ती या कादंबरीत वापरायला तिची संमती, बाकी हक्क तिच्याकडेच, पुस्तकात नाव, आणि मानधनातला ठरलेला वाटा. पैशाचं वाक्य तिने हाताने उडवून लावलं, मी ते ठेवलं. तिचा प्रश्न वेगळाच होता. "नाव कुठलं घालशील? सासरचं का माहेरचं?" तिला दोन्ही हवं होतं, आणि शिवाय वाडीचं नाव. गी पॉइतेव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या लाखभर ओव्या गोळा केल्या, तेव्हा म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. त्यांच्या कामाबद्दल मला जो आदर आहे तो सर्वांत जास्त या गोष्टीसाठी आहे. लोकगीत म्हटलं की बायकांची नावं पुसून टाकायची आपली जुनी सवय आहे, आणि ती सवय वाईट आहे.

साक्षरतेच्या वर्गात आत्या सही शिकली होती. पेन मुठीत धरून तिने एकेक अक्षर काढलं. वेलांटी विसरली होती, ती परत मागे जाऊन घातली. साक्षीदार म्हणून तेवढ्यात शेतावरून आलेल्या नातवाने सही केली, चिखलाचे हात पुसून.

संध्याकाळी साडेपाच

महाडला परत. लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर राउटर चालू आहे. कॉपीराइट ऑफिस दिल्लीला द्वारकेत, केंद्राच्या वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखाली. अर्ज संकेतस्थळावर भरता येतो. आधी खातं उघडायचं, मग नमुना १४, त्याला जोडून तपशिलाचं पत्रक आणि पुढील तपशिलाचं पत्रक, मग शुल्क.

तपशिलाच्या पत्रकातले सुरुवातीचे रकाने भराभर होतात. अर्जदाराचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व. कृतीशी अर्जदाराचा संबंध: लेखिका. प्रकार: साहित्यकृती, कादंबरी. शीर्षक. भाषा: मराठी. आठव्या रकान्यात प्रसिद्ध की अप्रसिद्ध, तिथे अप्रसिद्ध. माझा सल्ला असा की अप्रसिद्ध असतानाच नोंद करावी, म्हणजे हस्तलिखित हातातून बाहेर जाण्याआधीची तारीख मिळते. पुढे पुस्तक निघालं की नोंदीतला तपशील बदलून घ्यायला नमुना १५ आहे. मुखपृष्ठ ही वेगळी कलाकृती, त्यावर चित्रकाराचा प्रश्न येतो, म्हणून ते या अर्जात घातलेलंच नाही. नोंद फक्त मजकुराची.

अकराव्या रकान्यावर मी थांबते. कृतीतले वेगवेगळे हक्क कोणाकडे, किती प्रमाणात, कोणाची परवानगी घेतली आहे, हे तिथे लिहायचं असतं. बहुतेक जण तिथे आपलंच नाव पुन्हा लिहितात. मीही माझं लिहिलं. त्याखाली आत्याचं, माहेरच्या आणि सासरच्या नावासकट, वाडी, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड. कादंबरीतल्या अमुक पानावरील ओवीची कर्ती, परवानगीपत्र सोबत. कुठल्याच दप्तरात जिचं नाव रचनेसाठी कधी लिहिलं गेलं नाही, ती बाई भारत सरकारच्या नोंदवहीत कवयित्री म्हणून जाईल. हे लिहिताना मला झालेला आनंद कादंबरी पूर्ण झाल्याच्या आनंदाहून कमी नव्हता.

पुढील तपशिलाच्या पत्रकात विचारतात, कृती मूळ आहे की भाषांतर की रूपांतर, आणि भाषांतर-रूपांतर असेल तर मूळ कृतीवर अजून हक्क चालू आहे का. 'मूळ' या उत्तरावर खूण करताना मी पुन्हा एकदा मनाशी कादंबरी चाळली. एका प्रकरणात हॉटेलातल्या रेडिओवर जुनं सिनेमाचं गाणं लागतं. त्याच्या दोन ओळी पहिल्या खर्ड्यात होत्या. गीतकाराला जाऊन साठ वर्षं झालेली नाहीत, परवानगी कोणाकडे मागायची हेही गुंतागुंतीचं, म्हणून ओळी काढून फक्त चाल वर्णन केली आहे. प्रकरणाचं काही बिघडलं नाही. उलट ते सुधारलं.

साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये. मोबाइलवरून भरलं. फाइल चढली, आत्याचं परवानगीपत्र चढलं, सहीचा स्कॅन चढला आणि डायरी नंबर आला. तो नंबर मी वहीत, भिंतीवरच्या कालनिर्णयवर आणि मुलीच्या मोबाइलवर, असा तीन ठिकाणी लिहून ठेवला.

आता तीस दिवस थांबायचं. कोणाला हरकत घ्यायची असेल तर ती या काळात. त्यानंतर तपासणी होते. काही त्रुटी निघाल्या तर ते पत्राने कळवतात आणि उत्तराला मुदत देतात. सगळं ठीक असेल तर नोंदवहीचा उतारा येतो, त्यावर 'एल'ने सुरू होणारा क्रमांक असतो.

रात्री नऊ

छापील प्रती आणि पोचपावती उद्या सकाळी स्पीड पोस्टाने जातील. रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं. पाकीट प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलं आहे.

प्रकाशकाला मेल लिहिली: चौथं कलम मान्य नाही, मराठी छापील आवृत्तीचे हक्क पाच वर्षांसाठी देईन, भाषांतर, चित्रपट आणि श्राव्य हक्क माझ्याकडे. ओवीचा हक्क कर्तीकडे. जमलं तर उत्तम, नाही जमलं तर दुसरे प्रकाशक आहेत. आयएसबीएनचं काय, असं त्यांनी विचारलं होतं. तेही कळवलं की तो पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे, केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था तो विनामूल्य देते, आणि त्याचा मालकीशी संबंध नाही. पुस्तक छापल्यावर तीस दिवसांत त्याच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवण्याची जबाबदारी १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाची आहे, तेही करारात घालायला सांगितलं. त्यामुळे आणखी चार प्रती या नदीपासून लांब राहतील.

महाड-पोलादपूरकडे लिहिणारी माणसं पुष्कळ आहेत. शाळांमध्ये, एमआयडीसीच्या पाळ्यांमध्ये, भजनी मंडळांमध्ये. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. हस्तलिखित कोणाच्या हाती देण्याआधी त्याची नोंद करा, आणि करारातलं प्रत्येक कलम मोठ्याने वाचल्याशिवाय सही करू नका. अर्ज भरताना अकरावा रकाना रिकामा सोडू नका. तुमच्या लेखनात ज्या आईची, मावशीची, शाहिराची रचना आली असेल त्यांचं नाव तिथे घाला, त्यांच्याकडून लेखी परवानगी घ्या. शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्जावर लेखकाची स्वतःची सही चालते.